शनवारी तेल मिळत नसे

आत्या इस्राएलहून आली की पहिले चार दिवस आमच्या ठाण्याच्या घरात १९६२ सालचं मराठी नांदतं. गाडीला ती मोटार म्हणते, हॉस्पिटलला इस्पितळ आणि सिनेगॉगला मशीद. माझी मुलगी हसते. पण मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं आमचं पहिलं प्रार्थनाघर, त्यालाही लोक जुनी मशीदच म्हणत आले. आम्ही बेने इस्राएल. घरात बोलायचं मराठी, प्रार्थनेला हिब्रू, आणि आडनावाला कोकणातलं गाव. आमचं आडनाव नवगावकर.

ठाण्याहून नवगाव म्हणजे काही परदेश नव्हे. सकाळी निघालं तर रात्री जेवायला घरी. तरी पन्नाशी उलटेपर्यंत मी ते पाहिलं नव्हतं. बँकेत तीस वर्षं सही करताना दिवसातून शंभरदा त्या गावाचं नाव लिहिलं, एवढाच संबंध. दर दिवाळीच्या सुट्टीत म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ.

या खेपेला आत्या कामानिशी आली होती. "आईचा नवस फेडायचाय," ती म्हणाली आणि पर्समधून निळं एअरोग्राम काढलं. घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं, आजीच्या तिरक्या अक्षरातलं.

प्रकरण असं. आत्या १९६२ मध्ये तिकडे गेली. वर्षभरात लग्न ठरलं, मुलगा चांगला, पण लग्न नोंदवायला गेली तर कारकुनानं विचारलं, तुमची आजी कोण, पणजी कोण, त्या ज्यूच होत्या याला पुरावा काय? त्या काळी तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी आमच्या लोकांच्या लग्नांबाबत तसा दंडकच घातला होता. पणजीचा पुरावा आत्या कुठून आणणार? आमच्याकडे कागद नव्हते, गोष्ट होती. दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, डोक्यात राहिली ती 'शमा'ची प्रार्थना, शनवारी काम न करण्याचा शब्बाथ आणि सुंता. ही गोष्ट त्या कारकुनाला सांगून काय उपयोग? आत्या म्हणते, "मी खाली उतरले आणि बसस्टॉपवर बसून मराठीत रडले."

ते पत्रातून कळल्यावर आजीनं नवस बोलला. पोरीचं लग्न लागू दे, एलियाहू हन्नाबी, खंडाळ्याला तुझ्या टापांपाशी मलिदा करीन. पुढे आमच्या लोकांनी तिकडे धरणी धरली, निदर्शनं केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं, क्नेसेटनं, ठराव करून सांगितलं की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत. त्याच हिवाळ्यात आत्याचं लग्न लागलं. इकडे आजोबा आजारी पडले, मग आजी गेली. नवस राहून गेला.

रस्त्यानं जायला आत्या तयार नव्हती. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचनं जायची, म्हणून निदान पाणी तरी हवंच. आम्ही गेटवेहून मांडव्याला गेलो. तासाभराच्या त्या वाटेत लोकांनी कुरकुरे फेकून समुद्रपक्ष्यांची भरपूर चंगळ केली आणि आत्यानं त्या सगळ्यांना मनसोक्त बोल लावले.

मांडव्याहून बसनं अलिबाग. स्टँडवर रिक्षात बसताना आत्या म्हणाली, "मशिदीत सोड रे बाळा." मी तोंड उघडेपर्यंत रिक्षा निघालेली. रिक्षा थांबली ती खरोखरच्या मशिदीपाशी. बाहेर बसलेल्या दाढीवाल्या चाचांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याच्या नऊवारीकडे. ती तिनं प्रवासासाठी मुद्दाम नेसली होती. चाचा रिक्षावाल्यावर ओरडले, "अरे, त्यांची मशीद वेगळी. इस्राएल आळीत ने."

त्यांची मशीद. हे दोन शब्द मी पुढे दिवसभर घोळवत होतो.

इस्राएल आळीतलं मागेन आवोथ १८४८ मधलं. आळीत आमची घरं आता हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. तिथल्या एका काकूंनी मलिद्यासाठी नारळ खवून ठेवला होता आणि दोघे काका प्रार्थनेला यायला तयार होते. पण त्याआधी आत्याला नवगाव हवं होतं.

नवगावचा किनारा पाहायला गेलं तर साधाच. माडाच्या झावळ्या, ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेल्या मासळीचा वास. जवळच आमचं कब्रस्तान. फुटलेल्या गलबतातून वाहून आलेल्यांना एकत्र पुरलं ते इथेच, असं आमचे लोक सांगत आले. आत्यानं किनाऱ्यावरून दोन खडे वेचून आणले आणि तिथे ठेवले. फूल नाही, उदबत्ती नाही, खडा. मी बाजूला उभा राहिलो. मला वाटलं होतं, काहीतरी भरून येईल. तसं काही झालं नाही. घाम आला होता आणि पाय दुखत होते.

झालं ते परतताना. वाटेवर एक म्हातारी सूप घेऊन जवळा पाखडत होती. आम्ही कोण, कुठले, तिनं विचारलं. आत्या म्हणाली, "नवगावकर. आमचे आजे-पणजे इथलेच." म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "नवगावकर म्हंजी? शनवार तेली का?"

आत्या नुसती बघत राहिली.

"माझी सासू सांगायची," म्हातारी म्हणाली, "तेल शुक्रवारीच आणून ठेवायचं. शनवारी तेल मिलत नसे. ह्यांचा घाणा बंद."

तिच्या दृष्टीनं एवढंच होतं, तिनं सूप पुन्हा उचललं. पण मला ते कचेरीतलं टेबल आठवलं, जे मी कधी पाहिलेलं नाही. पणजीचा पुरावा काय? पुरावा हा. एका हिंदू बाईच्या सासूला तळणीसाठी तेल हवं होतं आणि ते शनवारी मिळालं नव्हतं. कोणी आम्हाला देव विचारला नाही, पोथी विचारली नाही. बैल शनवारी सोडलेला दिसला, नाव पडलं, संपलं. गाळलेलं तेल घेतलं आणि राहू दिलं. पिढ्यान् पिढ्या राहू दिलं. मी चपला काढून तिथेच बांधावर बसलो. कितीतरी वर्षांत एवढं शांत बसलो नव्हतो. आत्या त्या बाईकडून जवळ्याचा भाव विचारत होती, आपण जवळा खात नाही हे पक्कं ठाऊक असताना.

खंडाळं दुपारी. लोणावळ्याचं नव्हे, अलिबागचं. एलियाहू हन्नाबी रथातून स्वर्गाकडे जाताना इथे टेकला आणि खडकावर खुणा उमटल्या, असं आमचे लोक मानतात. मी लहानपणी एकदा आलो होतो. त्यातलं आठवतं ते फक्त गाडी लागल्याचं. यावेळी नीट पाहिलं. काळ्या कातळावर खळगे आहेत, हात फिरवून फिरवून गुळगुळीत झालेले.

मलिद्याचं ताट आत्यानं स्वतः मांडलं. भिजवून निथळलेले पोहे, त्यात खोबरं, साखर, वेलची, बेदाणे. भोवती फळं, खजूर, गुलाब आणि सब्जाची डहाळी. देवनागरीत छापलेलं हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक माझ्या हातात दिलं. हिब्रू ती झरझर वाचते, तिकडे साठ वर्षं गेलीत, पण म्हणाली, "तू वाच. तुझ्या आजोबांच्या चालीवर. माझी चाल तिकडची झालीय." चाल मला येते का, हे तिनं विचारलं नाही. निघाली. कुठून निघाली देव जाणे.

मग फळांचे आशीर्वाद. खजुराला झाडाच्या फळाची बेराखा, केळ्याला जमिनीच्या. मी केळं खजुराच्या बाजूला ठेवलं होतं, आत्यानं पाठीवर चापट मारली. "केळ झाड नव्हे रे. दरवर्षी बुंधा तोडतात ना?" पन्नाशी उलटल्यावर मार खाल्ला, तोही देवासमोर. दोघे काका हसले आणि त्यातच सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं.

आजीचं पत्र तिनं तिथे वाचलं नाही. ताटाखाली ठेवलं होतं, घडी न उलगडता. निघताना उचलून पर्समध्ये टाकलं, त्याच्या एका कोपऱ्याला साखरेचं पाणी लागलं होतं.

रिक्षावाला दिवसभर आमच्याबरोबर होता. आत्यानं त्याला पानावर मलिदा दिला. त्यानं उभ्याउभ्याच कपाळाला लावून खाल्ला, आणि पान चाटून विचारलं, "आजी, थोडा घरी नेऊ का? बायकोला पोहे आवडतात." आत्यानं अर्धा डबा त्याच्या पिशवीत रिकामा केला.

उरलेला डबा घेऊन आम्ही संध्याकाळची लाँच पकडली. मी म्हणालो, घरी नेऊ, मुलीला देऊ. आत्यानं झाकण उघडून वास घेतला.

"खोबरं आहे त्यात. ठाण्यापर्यंत आंबेल," ती म्हणाली आणि मूठभर माझ्या हातावर ठेवला. "खा लवकर. त्या पाखरांना देऊ नकोस हं."