मिलिमीटरभर नळी

उमेळ्याचा एक केमिकल इंजिनिअर तारापूर एमआयडीसीत कामाला. नायगावला लोकल, विरारला डहाणू गाडी, मग बोईसर. नायगावजवळची मिठागरं तो लहानपणापासून बघत आलाय. पाणी उथळ पसरलं तरच लवकर आटतं, हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही. उष्णतेचंही तसंच असतं, हे मात्र त्याला नायट्रेशनच्या एका बॅचने शिकवलं.

फ्लास्कमध्ये गुणी वागलेली प्रक्रिया हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये बिथरली. आम्ल सोडणं बंद केलं, जॅकेटमध्ये थंडगार ब्राइन फिरत होतं, तरी तापमानाचा काटा चढतच राहिला. आधी सोडलेलं, पण नीट न मिसळलेलं आम्ल आत साचलं होतं. अख्खी बॅच पाण्यात सोडून विझवावी लागली. त्या रात्री त्याने हिशेब मांडला. हजार लिटरच्या टाकीत उष्णता बाहेर काढायला चार-पाच चौरस मीटर भिंत. तेवढाच द्रव एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत भरला तर चार हजार!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी याच बारीक नळ्यांवर काम करतात. 2020चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. चांदीच्या नॅनोतारासुद्धा त्यांच्या गटाने अशा सलग प्रवाहात बनवल्या आहेत.

बारीक नळ्यांच्या या तंत्रात स्केलअप म्हणजे भांडं मोठं करणं नव्हे. दहा मिलिलिटरच्या नळीतून मिनिटाला दोन मिलिलिटर सोडले, तर द्रव आत पाच मिनिटं राहतो आणि दिवसाकाठी जवळजवळ तीन लिटर माल पडतो. जास्त हवा तर नळ्या वाढवायच्या. खरी कसोटी तिथेच. एका नळीत जरासा गाळ धरला की तिचा वाटा शेजारणींकडे वळतो. तिथे द्रव घाईने निघून जातो आणि कच्चा उतरतो. म्हणून आता अशाच नळ्या वापरणाऱ्या त्या उमेळ्याच्या इंजिनिअरचं लक्ष प्रेशर गेजवर असतं. दोन बारचा काटा अडीचवर सरकला की नुसतं सॉल्व्हंट सोडून नळी धुवायची, चोकअपची वाट बघायची नाही. घट्ट साका पडणाऱ्या प्रक्रियेला तो हे तंत्र लावतच नाही, आणि ते योग्यच आहे.

नायट्रेशन, डायझोटायझेशनसारख्या उष्णता सोडणाऱ्या प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने मात्र एक आकडेमोड जरूर करावी. आठ तासांत हजार लिटर, मुक्काम पाच मिनिटांचा धरला, तर नळ्यांमध्ये एका वेळी तापणारा माल असतो फक्त साधारण साडेदहा लिटर.