पेशंटला न कळवता

मॅगझिन चौकातून भोसरीकडे वळायच्या आधी एक विजेचा खांब आहे. त्यावर खांद्याच्या उंचीला दोन जाहिराती एकीवर एक चिकटवलेल्या. खालची पिवळी : ‘दारू सोडवा, पेशंटला न कळवता. शंभर टक्के गॅरंटी.’ वरची गुलाबी : ‘फ्रेंडशिप क्लब. हायप्रोफाइल महिलांशी मैत्री करा, रोज कमवा.’ गुलाबी कागद अर्धा फाटला होता आणि त्यातून पिवळा डोकावत होता. सलग वाचलं तर निघायचं : ‘हायप्रोफाइल महिलांशी मैत्री करा, पेशंटला न कळवता.’ सिग्नल सुटला, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात ठेवला, तरी माझी स्कूटर जागची हलेना. दिघीत इतकं खरं वाक्य बरेच दिवसांत वाचनात आलं नव्हतं.

पिवळ्या कागदाचा मला मनापासून राग आहे. त्या पुडीत काय असतं देव जाणे. डायसल्फिराम असलं आणि माणूस वर दारू प्यायला, तर चेहरा तापतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर ते औषध पेशंटला समोर बसवून, समजावून देतात. आमटीत कालवून नव्हे. पण बायका पुडी घेतात, कारण घरात तो विषय तोंडानं काढण्यापेक्षा आमटी ढवळणं सोपं जातं.

त्या आठवड्यात माझ्या उशाशी एका जर्मन मुलीचं पुस्तक होतं. ख्रिस्तिआने एफ. 1978 साली पश्चिम बर्लिनच्या एका खटल्यात ती साक्षीला आली, तिथे काई हेर्मान आणि होर्स्ट रीक हे दोन पत्रकार तिला भेटले. दोन तासांची मुलाखत ठरली होती, ती दोन महिने चालली. मुलगी वाढली ती ग्रोपिउसश्टाट नावाच्या उंच इमारतींच्या वसाहतीत, जिथे मुलांनी कुठे खेळायचं नाही याच्या पाट्याच पाट्या. हे वाचताना मी खिडकीतून खाली बघितलं. आमच्या सोसायटीच्या लॉनवर ‘बॉल खेळण्यास सक्त मनाई’, लिफ्टमध्ये ‘कामवाल्यांनी वापरू नये’. हेरॉइन, आणि हेरॉइनच्या पैशासाठी झू स्टेशनवर उभं राहणं. एवढ्याशा पोरीचं ते सगळं मला सलग वाचवलं नाही, पुस्तक मिटून मिटून वाचलं. पण डोक्यात राहिले ते तिचे नियम. मी सुई घेणार नाही. मी हे करीन, ते मात्र करणार नाही. मी त्या अमकीसारखी नाही. प्रत्येक नियम पाळला जातो, मग एक दिवस त्याची जागा दुसरा, थोडा ढिला नियम घेतो.

दारूच्या आठवणी मराठीत रंगवून सांगायची रीत आहे. मैफल, किस्से, कोण कुठल्या गटारात पडला आणि पडल्या पडल्या कोणता शेर म्हणाला. मला त्याचा कंटाळा येतो. अनिल अवचटांचं ‘गर्द’ वाचलं तेव्हा बरं वाटलं, कारण त्यात कोणी शेर म्हणत नाही. ब्राउन शुगर पुण्यात नवी होती तेव्हाचं ते लिखाण. त्यातूनच पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं 29 ऑगस्ट 1986 ला ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या अनिता अवचटांनी ते चालवलं. दिघीतून आळंदी रोडनं पुण्याकडे निघालं, विश्रांतवाडी ओलांडली, की मोहनवाडीला ते लागतं. तुषार नातूंचं ‘नशायात्रा’ही माझ्या कपाटात आहे. ज्याची नशा त्यानंच सांगितलेली.

हाच आळंदी रोड बरं का. याच रस्त्यावरून माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला जाते, आणि याच रस्त्यावरच्या विश्रांतवाडीत 2024 च्या फेब्रुवारीत एका गोदामात मिठाबरोबर दडवलेलं एमडी, म्हणजे मेफेड्रोन, सापडलं. त्याचा माग कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत गेला. त्याआधी 2020 च्या ऑक्टोबरात चाकणकडे 20 किलो पकडलं होतं. पेपरात हे आलं की आमच्याकडे काका लोक म्हणतात, ‘बाहेरचे आहेत सगळे.’ काका स्वतः लातूरचे.

माझे ब्लाउज जी शिवते ती बाई हे सगळं करून बसलेली आहे, हे मला ब्लाउज चांगले होत होते तोवर ठाऊक नव्हतं. तिचं मुख्य काम फौजी गणवेशांचं : उंची कमी करणं, फीत बसवणं, पोट सुटलं की कंबर सोडणं. दिघीत या कामाला मरण नाही. एकदा मी ते जर्मन पुस्तक हातात घेऊन माप द्यायला गेले. तिनं मुखपृष्ठ बघितलं, काय आहे विचारलं. मी सांगितलं. तिनं पायडल थांबवलं नाही. म्हणाली, ‘ताई, मीपण केलंय की हे. दोन्ही.’ आणि काजाचा दोरा दातानं तोडला.

मग ती बरेच दिवस सांगत राहिली, जसं काम असेल तसं, मध्येच गिऱ्हाईक आलं तर गप्प होऊन. चाकणला कंत्राटावर होती, हार्नेस जोडायच्या लाइनवर. नाइट शिफ्टला एका मैत्रिणीनं साखरेच्या बारीक खड्यांसारखं काहीतरी दिलं. झोप गेली, भूक गेली, हात मशीनच्या पुढे धावायला लागले. तेव्हा त्यावर बंदीसुद्धा नव्हती, असं ती पुन्हापुन्हा सांगते, आणि ते बरोबर आहे : मेफेड्रोन अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं ते 2015 च्या फेब्रुवारीत. सुपरवायझर खूश. तिचा नियम होता, फक्त नाइट शिफ्टला. मग शनिवारीसुद्धा, पण विकत घ्यायचं नाही, कुणी दिलं तरच. मग विकत, पण उधारीवर नाही. कंत्राट संपलं, नाइट शिफ्ट गेली, आणि नियम मात्र सगळे शाबूत. ‘नियम कोणी मोडतं का ताई? त्याच्या शेजारी दुसरा बसवायचा.’

पैसे घेऊन पुरुषांबरोबर जायचं, त्या बुकिंगचंही तसंच. पहिल्यांदा नुसतं जेवायला सोबत. मग हॉटेल, पण फ्लॅटवर नाही. मग फ्लॅट, पण पुण्यात. भोसरी-दिघी नको, कारण इथं भाजीवाला ओळखतो. मी मनात भलतंसलतं रंगवत होते, आणि ती मला सांगत होती कंटाळ्याबद्दल. एक जण छोटा व्हेंडर होता, कुठल्याशा मोठ्या कंपनीला ब्रॅकेट पुरवायचा. त्याचं पेमेंट नव्वद दिवस अडकायचं. तासाचे पैसे मोजायचा आणि पाऊण तास त्या पेमेंटचं रडगाणं गायचा. जीएसटी नवीन आला तेव्हा तिनं त्याला रिटर्न कसं भरायचं ते समजावलं, कारण लाइनवरच्या एका पोरानं तिला ते शिकवलं होतं. ‘पुढच्या वेळी पेढे घेऊन आला,’ ती म्हणाली. हसली नाही.

फ्रीजचं मात्र तिनं पायडल थांबवून सांगितलं. माल उतरायला लागला की संशय यायचा. गर्दवाल्यांना टर्की लागते, हाडं मोडतात, नाक गळतं. तिच्या नशेत नुसता अंधार आणि संशय. तीन दिवस झोप नाही, जबडा आवळून दाढ दुखायला लागलेली. खोलीत एक जुना फ्रीज होता, त्याचा कॉम्प्रेसर चालू व्हायचा, बंद व्हायचा. तिला वाटायला लागलं, हा कुणाला तरी कळवतोय. चालू झाला की कळवतोय, बंद झाला की उत्तर ऐकतोय. तिनं त्याला कान लावला. मग त्याच्यासमोर बोलणं बंद केलं. फोन उशीखाली, उशी गादीखाली. शेवटी प्लग काढला आणि समोर पाट टाकून बसून राहिली, किती वेळ ते तिलाही सांगता येत नाही. दूध नासलं. आईनं गावाहून पाठवलेलं लोणी वितळून खालच्या ट्रेमध्ये उतरलं, ट्रे भरला, फरशीवर आलं. लोण्याचा वास आला तशी ती रडायला लागली, आणि रडत रडत फरशी पुसली. पुसताना तिला वाटलं, आपल्याला फरशी पुसता येतेय म्हणजे आपण काही वाया गेलो नाही. त्या दिवशी तिनं आणखी एक नियम केला.

‘व्यसनमुक्तीच्या सेंटरला शेअरिंगमध्ये हे सांगितलं,’ ती म्हणाली. ‘सगळ्या बायकांना फ्रीज कळला. बाहेर कुणाला सांगितलं तर ते विचारतात, बरं, आणि त्या हॉटेलात काय व्हायचं?’

माझ्याही तोंडावर तोच प्रश्न होता. मी ब्लाउजच्या बाह्यांबद्दल विचारलं.

एकदा ती धाडीत सापडली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं : हायप्रोफाइल रॅकेटचा पर्दाफाश, पीडित तरुणीची सुटका. सज्ञान बाईनं आपल्या मर्जीनं देहविक्री करणं हा आपल्याकडे मुळात गुन्हा नाही. अड्डा चालवणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे. सर्वोच्च न्यायालयानं 19 मे 2022 च्या आदेशात धाडीत अशा बायकांना अटक करू नका, छळू नका, त्यांची ओळख छापू नका, असं सांगितलं. तिची धाड त्याच्या आधीची. ‘सुटका झाली म्हणजे काय झालं, ते मी दोनदा वाचलं,’ ती म्हणाली. कात्रण तिनं ठेवलं नाही, पण हायप्रोफाइल या शब्दावर तिचा जीव आहे. तेव्हा तिच्या पायात पॅरॅगॉनची स्लिपर होती.

पालखीच्या दिवशी आम्ही दोघी चौकात उभ्या होतो. दिंड्या चाललेल्या, चिखल, केळ्यांची सालं, कुठल्याशा पक्षाचे बिस्किटांचे टेबल. मी तिला कान्होपात्रेची गोष्ट सांगितली. मंगळवेढ्याच्या गणिकेची, शामेची मुलगी. वारकऱ्यांबरोबर अशीच चालत पंढरपूरला गेली. बिदरच्या बादशहानं बोलावणं धाडलं, ती एकदा दर्शन घेऊन येते म्हणाली आणि विठोबाच्या पायाशी प्राण सोडला. देवळात तिचं तरटीचं झाड दाखवतात. तिचे थोडेफार अभंग उरलेत, त्यांत ती आपलं कूळ लपवत नाही.

‘झाड कशाला?’ ती म्हणाली. ‘मेली म्हणून चांगली. जगली असती तर भाड्यानं खोली दिली असती का हिला कुणी?’ आणि एका म्हातारीच्या पायाला तेल लावायला वाकली.

मला तेव्हा बालगंधर्व आठवले, काही कारण नाही. 1931 साली त्यांनी रंगमंचावर कान्होपात्रा केली. त्या नाटकातले अभंग अजून लोकांच्या तोंडी आहेत. गंधर्वांच्या शालूंचं वेड महाराष्ट्रातल्या बायकांना इतकं होतं, की पुरुषानं नेसलेली साडी बघून बायका साड्या नेसायला शिकल्या म्हणतात. गणिकेच्या मुलीचा शालू नेसलेला पुरुष चालला. ज्या बायकांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाणं होतं, त्या मात्र माडीवरच राहिल्या. गोहरबाई कर्नाटकी गंधर्वांच्या आयुष्यात आल्या तेव्हा रसिकांनी त्यांना काय काय म्हटलं! मला गोहरबाईंचा आवाज आवडतो. हे पुण्यात अजून हळूच बोलावं लागतं.

केरळच्या सेक्स वर्कर नलिनी जमीला यांनी 2005 मध्ये आपली कथा मल्याळममध्ये छापली. एका पत्रकारानं ती शब्दांत बसवून दिली होती. पुस्तक धडाक्यानं खपलं आणि जमीलाबाईंना ते पटलं नाही. त्याच वर्षी त्यांनी ते पुन्हा सांगितलं, आपल्या पद्धतीनं, आणि तेच आपलं म्हणून मानलं. पुढे त्यांना राज्य चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तो वेशभूषेसाठी : एका सिनेमातल्या वेश्येचे कपडे त्यांनी केले होते. हे मी माझ्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईला सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली. कपड्यांचं काय काय केलं त्यांनी, साडी कुठली, ब्लाउजचा गळा केवढा, हे ती विचारत बसली. आपल्या सिनेमात त्या बायकांना लाल टिकल्यांचा ब्लाउज आणि केसांत गजऱ्याचं ओझं घालतात, ते तिला अजिबात मान्य नाही. ‘मी कॉटनचा कुर्ता घालायचे,’ ती म्हणाली. ‘बाह्या पाऊण. परत येताना पीएमपीच्या बसमध्ये बसायचं असायचं ना.’