खोलीतली तिसरी व्यक्ती

चि. मनू,


निरीक्षणाचा टप्पा संपला आणि पुढच्या सत्रापासून ॲक्युपंक्चर कॉलेजच्या क्लिनिकमध्ये तू इंटर्न म्हणून रुग्ण पाहणार, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. ताईनं जाता जाता आणखी एक सांगितलं. सुपरवायझर सारखे डोक्यावर उभे राहणार याचं तुला दडपण आलंय, आणि ‘एकदा ते तास भरले की सुटले’ असं तू म्हणालीस म्हणे. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी गेली कित्येक वर्षं इथे कॅलिफोर्नियातच त्या दुसऱ्या बाजूला उभी आहे, म्हणून तुला लिहावंसं वाटलं.

तास तर भरायचेच आहेत. इथल्या नियमाप्रमाणे एकूण किमान ३,०००, त्यातले ९५० क्लिनिकमधले, हे तुला पाठ असेल. पण त्याच नियमात पुढे काय लिहिलंय ते एकदा सावकाश वाच. रुग्ण तपासायला लागल्यावर पहिले २७५ तास निदान आणि उपचार, दोन्ही चालू असताना सुपरवायझर खोलीत हजर हवेत. त्यानंतरचे २७५ तास सुया टोचताना हजर हवेत, एरवी जवळपास. आणि प्रत्येक उपचाराच्या आधी एकदा व नंतर एकदा विद्यार्थ्यानं त्यांच्याशी बोलायचंच. नियम करणाऱ्यांनी ती नजर एकदम काढून घेतलेली नाही, पावलापावलानं मागे नेली आहे. मूल सायकल शिकताना आपण सीटवरचा हात जसा सोडतो, तशी.

मात्र ती नजर तुझ्यासाठी आहे असं समजू नकोस. ती रुग्णाच्या हक्काची आहे.

विद्यार्थ्यांच्या क्लिनिकमध्ये कोण येतं ते तू निरीक्षण करताना पाहिलंच असशील. खाजगी डॉक्टरची फी ज्यांना झेपत नाही ते. विम्यात ॲक्युपंक्चर बसत नाही ते. निवृत्त शिक्षिका, हॉटेलात भांडी घासून मनगट धरलेले स्वयंपाकी, दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या आया. त्यांच्याकडून पैसे कमी घेतले जातात, पण बाकीची किंमत ते भरतातच. बाहेर जे काम अर्ध्या तासात उरकतं त्याला इथे दोन तास लागतात. एकच कहाणी आधी तुला सांगायची, मग सुपरवायझरना. जीभ दोघांना दाखवायची. मनगट आधी तुझ्या हातात द्यायचं, मग त्यांच्या. आपलं अंग ते तुझ्या शिक्षणासाठी उसनं देतात, आणि त्या बदल्यात त्यांना एवढंच कबूल केलेलं असतं की एक जाणती व्यक्ती हे सगळं पाहत असेल. तू सुपरवायझरपासून काही झाकलंस, नाडी कळली नसताना कळली म्हणालीस, तर फसवणूक त्या माणसाची होते.

चिनी वैद्यकात शिकणाऱ्याच्या हाताची धास्ती फार जुनी आहे. सोंग घराण्याच्या काळात, १०२७ मध्ये, वांग वेइयी यांच्या देखरेखीखाली माणसाच्या उंचीचे दोन पोकळ कांस्यपुतळे घडवले गेले. अंगभर बिंदूंच्या जागी बारीक छिद्रं होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेण चोपडायचे आणि आत पाणी भरायचे असं सांगतात. सुई अचूक बसली तर पाणी ठिबकायचं, चुकली तर आतच जायची नाही. हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की हा हात जिवंत माणसावर जाण्याआधी तपासला पाहिजे, याचं मला अजूनही भारी वाटतं. आजही मुलं आधी कागदाच्या घट्ट गठ्ठ्यावर किंवा कापसाच्या उशीवर सुई घालायला शिकतात, मग स्वतःच्या पायावर, मग एकमेकांवर.

पण पुतळ्याला फुप्फुस नसतं. मानेच्या बुंध्याजवळ, खांद्यावर, गॉल ब्लॅडर २१ हा बिंदू आहे. खांदे आखडलेला प्रत्येक रुग्ण तिथेच बोट ठेवतो आणि प्रत्येक इंटर्नला तिथे सुई घालायची घाई असते. त्याच्या खाली फुप्फुसाचं टोक आहे. सडपातळ माणसात सुई सरळ आणि खोल गेली तर छातीच्या पोकळीत हवा शिरू शकते, आणि धाप किंवा छातीतली कळ कधीकधी काही तासांनी, रुग्ण घरी पोचल्यावर सुरू होते. पुस्तकात खोली त्सुनमध्ये दिलेली असते, आणि त्सुन ज्याचा त्याचा. एक त्सुन म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी, तीन म्हणजे त्याची चार बोटं. तुझी बोटं लावून मोजलंस तर सहा फुटी माणसाचा स्टमक ३६ तुला भलतीकडेच सापडेल. हे सगळं तुला माहीत आहे, परीक्षेत लिहिलंही असशील. पण सुई धरलेल्या हाताचा कोन किंचित चुकतोय हे तुझं तुला दिसणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दिसतं.

सुया मोजून घाल आणि मोजून काढ. केसपेपरवर दोन्ही आकडे लिही. कानामागची आणि केसांतली सुई राहून जाते. रुग्ण पांढरा पडला, घाम फुटला, मळमळायला लागलं तर आधी सगळ्या सुया काढ, पाय उंच कर आणि मोठ्यानं हाक मार. हाक मारायला लाजू नकोस.

आता सुपरवायझरपुढे केस मांडण्याबद्दल. माझ्या मते इंटर्नशिपचा जीव इथे आहे, आणि विद्यार्थी सगळ्यात कमी लक्ष इथेच देतात. खोलीतून बाहेर येऊन ‘यकृताची ची (प्राणशक्ती) अडली आहे’ असं एका दमात सांगून टाकतात. मी विचारते, कशावरून? मग शांतता. निष्कर्ष शेवटी सांग. आधी काय पाहिलंस, काय ऐकलंस, काय विचारलंस, हाताला काय लागलं ते सांग. आणि माझं एक मागणं आहे: दोन्ही मनगटांवर तिन्ही ठिकाणी जे जाणवलं ते सुपरवायझर नाडी बघण्याआधी कागदावर उतरवून ठेव. ते म्हणाले ‘तारेसारखी ताणलेली’ आणि तू लिहिलंयस ‘निसरडी’, तर तुझं खोडू नकोस. खाली त्यांचं लिही. नाडीच्या बाबतीत जाणत्या वैद्यांचंही आपसात जमत नाही, हे खरं आहे. पण सुपरवायझर बोलल्यावर स्वतःची नोंद बदलणाऱ्या मुलीचा हात शिकत नाही. वर्षअखेरीस तिच्याजवळ त्यांच्या नाड्यांची वही असते, स्वतःची एकही नसते.

औषधांच्या खोलीतही तितकीच जागी राहा. सुईची चूक बहुधा लगेच दिसते, काढ्याची महिन्यांनी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात हान फांग जीच्या जागी ग्वांग फांग जीची पूड दिली गेली. नावं जवळची, वनस्पती वेगळ्या, आणि दुसरीत मूत्रपिंड जाळणारं ॲरिस्टोलोकिक आम्ल. सुमारे शंभर बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. म्हणून खणावरच्या चिठ्ठीवर विसंबू नकोस. मुळी हातात घे, तिचा काप बघ, वास घे, सुपरवायझरना दाखव. आणि रुग्ण चालू असलेल्या गोळ्यांची नावं सांगतो तेव्हा लिहिणं थांबवून नीट ऐक. वॉरफरिन चालू असलेल्या माणसाला डान शेन गेलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ‘रक्त पातळ करायची काहीतरी गोळी आहे’ एवढं कानावर पडलं तरी सूत्र लिहिण्याआधी बाहेर ये.

रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, आपोआप उतरलेलं वजन, अचानक उठलेली आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी: असं काही आलं की बिंदू शोधत बसू नकोस. त्या माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं, आणि ते सुपरवायझरकरवी, त्याच दिवशी. आपल्या विद्येबद्दल संशोधनात वाद आहेत हे तुला ठाऊक आहे. जुनी पाठदुखी, मायग्रेन, केमोथेरपीनंतरची मळमळ इथे बरे पुरावे आहेत; पण कित्येक चाचण्यांत खरी सुई आणि लुटुपुटूची सुई यांतलं अंतर थोडंच निघतं. त्याची लाज वाटून घेऊ नकोस, पण रुग्णाला बरं करण्याची हमीही देऊ नकोस.

देखरेखीवरूनच आणखी एक आठवतं. सोलापूरच्या घरी द्वारकानाथ कोटणीसांच्या गोष्टी ऐकत आपण सगळे वाढलो. कोटणीस शल्यचिकित्सक, ते १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर युद्ध चालू असलेल्या चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्याच पथकात बिजय कुमार बसू होते. त्यांच्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नसे. हे बसू युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्याला येऊन त्यांनी ते भारतात रुजवलं. आघाडीवर जखमी सैनिकांवर उपचार केलेला, वयानं मुरलेला डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होऊन दुसऱ्याच्या देखरेखीखाली बसला. मला कोटणीसांइतकेच तेही जवळचे वाटतात.

परत जाऊन महाराष्ट्रात काम करायचं तुझ्या मनात आहे. तिथे २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, २०१९ मध्ये केंद्रानंही या पद्धतीला मान्यता दिली. पण तिथे स्वतःच्या दवाखान्यात तू एकटीच असशील. उपचाराआधी आणि नंतर कुणाला तरी उत्तर द्यायची सवय इथेच लावून घे, म्हणजे तिथे निदान स्वतःला ते प्रश्न विचारशील.

एक नाजूक गोष्ट राहिली. सगळे सुपरवायझर सारखे नसतात. काही तुला काहीच ठरवू देणार नाहीत, सुई हातातून काढून घेतील. ते सोस, पण नंतर कारण विचार. कारण सांगणारा माणूस असेल तर त्याच्याकडून खूप मिळेल. काही मात्र बाहेरच्या टेबलावर बसून, रुग्णाला न बघता केसपेपरवर सही करतील. तुला ते सोयीचं वाटेल, मोकळीक वाटेल. ती घेऊ नकोस. ‘सर, एकदा आत येता का?’ असं नम्रपणे विचार, गरज पडली तर रुग्णासमोरच विचार, आणि ते येईपर्यंत सुईचं पाकीट फोडू नकोस. त्यांना राग येईल कदाचित. येऊ दे.

पहिला आठवडा संपला की रविवारी फोन कर. रुग्णांची नावं आणि ओळख पटेल असं काही सांगू नकोस. कुठे अडलीस तेवढं सांग, त्यावर बोलू. ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी