वेरूळच्या वाटेवरचा घुमट

भद्रा मारुतीला किंवा घृष्णेश्वराला जाताना आपल्यापैकी पुष्कळांनी खुलताबादचा रस्ता पाहिलेला असतो. छत्रपती संभाजीनगरहून एस.टी. निघाली की पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला लागतो, पुढे घाट चढला की खुलताबाद. यात्रेकरू दर्शन घेतात, नारळ फोडतात आणि वेरूळची वाट धरतात. गावाबाहेर एक दगडी घुमट उभा आहे, तिकडे थोडेच लोक वळतात. तो घुमट मलिक अंबरचा. लहानपणी बाजारात विकला गेलेला हा हबशी पुढे निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला.

अंबरचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास समुद्रापलीकडे हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. पोरवयातच त्याची विक्री झाली. मोखा, बगदाद अशा बाजारांतून हात बदलत तो मीर कासीम नावाच्या धन्याकडे आला. या धन्याने त्याला अंबर हे नाव दिले आणि लिहायला-वाचायला शिकवले. नंतर तो दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखान स्वतःही पूर्वी हबशी गुलामच होता आणि त्याच्या पदरी असे सुमारे हजार हबशी होते.

माणूस विकत घ्यायचा आणि त्याला लढायला शिकवायचे, ही रीत फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोम शहरात ग्लॅडिएटर नावाचे लढवय्ये होते. पुष्कळसे गुलाम किंवा युद्धकैदी. त्यांच्या तालमी असत, वस्ताद असत. जमिनीत रोवलेल्या खांबावर लाकडी तलवारीने वार करून हात बसवायचा, हा त्यांचा रोजचा सराव. खुराक मुख्यतः सातू आणि शेंगवर्गीय धान्याचा. म्हणून लोक त्यांना ‘सातूखाऊ’ म्हणून चिडवीत. नव्या गड्याची अंगलट पाहून त्याचे हत्यार ठरे. धिप्पाड गड्याला मोठी ढाल आणि आखूड तलवार, चपळ गड्याला जाळे आणि त्रिशूळ. जाळेवाल्यासमोर गुळगुळीत शिरस्त्राणाचा गडी उभा करीत, म्हणजे जाळे त्यात अडकू नये. जोड्या अशा लावीत, की खेळ रंगावा. जो फार काळ टिके, त्याला कधी लाकडी तलवार देऊन मोकळे करीत. इ.स. पूर्व ७३ मध्ये कापुआच्या तालमीतून स्पार्टाकस आणि त्याचे सत्तरेक सोबती स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन पळाले आणि त्यांनी रोमला हादरा दिला. शिकवलेले सगळे दुसऱ्याच्या करमणुकीसाठी होते, हे त्यांना कळत होते.

दख्खनमधली रीत वेगळी होती, पण तिचे मूळही खरेदी-विक्रीतच होते. इथे हबशी गुलाम तमाशासाठी नव्हे, फौजेसाठी घेत. त्याला इथे ना भाऊबंद, ना वतन. म्हणून तो धन्याशीच बांधलेला राहील, असा हिशेब. घोडा, तलवार, भाला सगळ्यांना शिकावा लागे, आणि ज्याचे डोके हिशेबात चाले त्याला कारभारात घेत. अंबर चंगीजखानाजवळ राहून कारभार शिकला. धनी वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पुढे काही वर्षे विजापूरकरांची चाकरी करून तो १५९५ च्या सुमारास परतला, तेव्हा त्याच्यामागे जेमतेम दीडशे स्वार होते.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले. त्यांच्याजवळ भारी घोडदळ, हत्ती, तोफा. अशा फौजेशी मोकळ्या मैदानात भिडणे म्हणजे बी वाया घालवणे. अंबरने आपली माणसे आणि आपली जमीन पाहिली. हा मुलूख घाटाखोऱ्यांचा, उन्हाळ्यात पाण्याचे हाल. मराठा गडी अंगाने हलका, त्याचे तट्टू काटक, शिदोरी खोगिराला बांधलेली. तेव्हा त्याने त्याच जातीची लढाई निवडली: रात्री छापा घालायचा, रसद तोडायची, चारा जाळायचा आणि शत्रू वळला की डोंगरात नाहीसे व्हायचे. हीच बारगीरगिरी. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने अंबरजवळ दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे लिहून ठेवले आहे.

१६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या. अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला, वाटा चिखलाने भरल्या आणि शत्रूचे जड सामान रुतून बसले. या लढाईत वेरूळच्या भोसल्यांचे शहाजीराजे लढले, त्यांचे बंधू शरीफजी कामी आले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हाच माणूस जमिनीकडेही याच नजरेने पाहत असे. साऱ्याचा मक्ता देण्याची पद्धत त्याने बंद केली आणि जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरवला. हलक्या रानाला आणि काळ्या रानाला एक माप लावायचे नाही, हे आम्ही शेतीखात्यातली माणसे आज सांगतो. तो चारशे वर्षांपूर्वी तसे करीत होता. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचे संभाजीनगर. डोंगरातले पाणी भुयारी नहरीने गावात आणले. त्याने बांधलेला भडकल दरवाजा आजही रहदारीत उभा आहे. १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात, तो वारला.

त्याची थोरवी पाहून विक्रीचा बाजार चांगला ठरत नाही. त्या बाजारात हजारो पोरे विकली गेली. त्यांची ना नावे राहिली, ना कबरी. अंबर वाचला तो अक्षर आणि हिशेब हाती आले म्हणून, आणि ते कोणीतरी शिकवले म्हणून. आपल्याकडेही परिस्थितीपायी एखादे पोर दुसऱ्याच्या गुरांमागे किंवा उसाच्या फडावर जाते. पोराच्या अंगात ताकद किती, एवढेच आपण पाहतो. डोक्यात काय आहे हे पाहायचे राहून जाते. अशा पोराची पाटी सुटू देऊ नका, मग ते आपले असो की सालगड्याचे. पुढच्या वेळी भद्रा मारुतीला जाल तेव्हा मुलांना त्या घुमटापर्यंत न्या, आणि तिथे कोण झोपला आहे ते त्यांना सांगा.