सव्वा इंचाचे आकाश

बँकेत वीस वर्षे काढली की माणसाला एक खोड जडते. समोर काहीही आले तरी तो आधी आकडेमोड तपासतो. हॉटेलात मंडळी मसाला डोशाची चव घेत असतात, तेव्हा हा बिलाची बेरीज करत असतो. म्हणून मेव्हण्याने चिरंजीवांच्या मुंजीत दुर्बीण आहेर केली आणि खोक्यावरचा '६७५ पट मोठे!' हा आकडा वाचून घरभर "अगंबाई!" झाले, तेव्हा मी खोके उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचू लागलो.

पुढच्या भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर आणि त्याचे केंद्रांतर ९०० मिलिमीटर. सोबत २० आणि ४ मिलिमीटरच्या दोन नेत्रिका. नेत्रिका म्हणजे आपण जिला डोळा लावतो ती लहान भिंगांची डबी. छंदी मंडळी तिला आयपीस म्हणतात. दुर्बिणीच्या केंद्रांतराला नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागले की किती पट मोठे दिसणार ते कळते. ९०० भागिले ४, म्हणजे २२५. खोक्यात तिप्पट करणारे आणखी एक भिंग होते. २२५ गुणिले ३, बरोबर ६७५. हिशेबात एका पैशाची चूक नाही.

पण अर्जात मागितलेला आकडा बघून कोणी कर्ज मंजूर करत नाही. आम्ही तारण बघतो. दुर्बिणीचे तारण म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास. दर मिलिमीटरला फार तर दोन पट, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. आमच्या दुर्बिणीची पत त्यामुळे १२० पर्यंतच. त्यापुढे जाणे म्हणजे पाहुणे वाढले म्हणून ताकात पाणी घालत राहणे. तांब्या भरतो, पण ताक उरत नाही. ६७५ पटीवर चंद्र लावला तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, गादीतला कापूस दिसतोय."

तेव्हा प्रश्न उरला तो चांगली नेत्रिका स्वस्तात मिळवण्याचा. या बाजारात वरची पायरी फार वर आहे. अमेरिकेत अल नॅगलर नावाचे गृहस्थ चांद्रवीरांच्या सरावासाठी लागणाऱ्या यंत्रांची भिंगे बनवत होते. पुढे त्यांनी ८२ अंशांचे दृश्य एकदम दाखवणारी नेत्रिका काढली. साधी नेत्रिका म्हणजे न्हाणीघराची खिडकी, तर ही म्हणजे सज्जाच. मात्र एका नेत्रिकेच्या किमतीत घरात चांगला फ्रिज येतो. मी हे आमच्या सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "फ्रिज आधी." घरातले अंदाजपत्रक एवढ्या जलद संमत होताना मी प्रथमच पाहिले.

सुदैवाने आमच्या दुर्बिणीला सज्जाची गरजच नव्हती. ९०० ला ६० ने भागले की १५ येतात. हा आकडा मोठा असला की प्रकाशकिरण सावकाश, निमुळते होत येतात आणि साध्या नेत्रिकेलाही ते झेपतात. हाच आकडा ४-५ असला की किरण तिरकस घुसतात आणि स्वस्त नेत्रिकेच्या कडेला तारे शेपट्या फुटल्यासारखे दिसतात. म्हणजे आखूड, रुंद दुर्बीण ही खर्चिक घरातली सून, तर लांब, बारीक दुर्बीण ही पिठलंभाकरीवर खूश.

तरीही मी जुन्या बाजारात जाऊन आलोच. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी बँक असते, म्हणून रविवारी गेलो. मोडक्या द्विनेत्रीतून चांगल्या नेत्रिका निघतात, असे ऐकले होते आणि ते खरेही आहे. पण तिथली प्रत्येक द्विनेत्री जहाजावरच्या कप्तानाची असते. इतके कप्तान पुण्यात, समुद्रापासून एवढ्या लांब, कशाला राहायला आले असावेत, कोण जाणे! मी भिंग उजेडापुढे धरले. भिंगात दिव्याची प्रतिमा हिरवी-जांभळी दिसली तर वर लेप आहे, पांढरी दिसली तर नाही, एवढे मी शिकून गेलो होतो. इथे कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली.

"ही बुरशी आहे," मी म्हणालो.

"साहेब, समुद्राची हवा खाल्लेली चीज आहे," विक्रेता म्हणाला.

आपल्याकडचा पावसाळा भिंगांना मानवत नाही. बुरशी आत शिरली की लेप खाते आणि पुसूनही डाग राहतात. कप्तानाला मी तिथेच सोडले.

मग रीतसर हिशेब मांडला. ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेला स्वेच्छानिवृत्ती दिली. २० ची ठेवली. तिच्यावर 'एच' असे अक्षर आहे, म्हणजे हॉयगन्सच्या जातीची. सतराव्या शतकातली रचना, पण आमच्या लांब दुर्बिणीत अजून नोकरी करते. नवी घ्यायची ती ३२ मिलिमीटरची प्लोसल. व्हिएन्नाच्या गेऑर्ग सिमोन प्लोसल यांनी १८६० मध्ये ही रचना केली. आज ती चामड्याच्या बऱ्या जोड्याच्या किमतीत मिळते. जोडीला दुप्पट करणारे बार्लो भिंग. ३२ ची नेत्रिका २८ पट दाखवते, बार्लो लावून ५६. २० ची ४५ दाखवते, बार्लो लावून ९०. दोन नेत्रिकांत चार आकडे, एकही दुबार नाही आणि सगळे १२० च्या आत. हेच मी २० आणि १० ची जोडी घेतली असती तर ४५, ९०, पुन्हा ९० आणि १८० आले असते. एक नोंद दुबार आणि एक मर्यादेबाहेर. असे खाते कोणत्याही तपासनिसाने परत पाठवले असते. नेत्रिकेची नळी सव्वा इंची आहे हेही मापून घेतले. सव्वा हा आकडा आपल्याकडे शुभच. पुढे मोठी दुर्बीण घेतली तरी बहुधा तीच नळी चालते.

पण ३२ चीच का, याचे खरे कारण वेगळे होते. ते कारण म्हणजे आई.

आई ७६ वर्षांची. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा. चष्म्याला दांडगा तिरपा नंबर. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून दुर्बीण फिरवून घेता येते. तिरप्या नंबराला मात्र चष्मा लागतोच. आणि चष्म्यासकट बघायचे तर नेत्रिकेपासून निदान १५-२० मिलिमीटरवर डोळा ठेवून दृश्य दिसले पाहिजे. ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेला पापणी घासते. ३२ च्या प्लोसलमध्ये ही जागा ऐसपैस, आणि बार्लो लावले तरी ती कमी होत नाही.

आईने आयुष्यभर शनिवारी मारुतीला तेल घातले. त्यात बराच वाटा माझ्या राशीचा. माझी रास मकर. २०२२ च्या नोव्हेंबरात शनिमहाराज मकरेतच मुक्कामाला होते. तेव्हा एका संध्याकाळी तिला धरून गच्चीवर नेले, खुर्चीवर बसवले आणि ५६ पटीवर शनी लावून दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. चष्म्याची काच नेत्रिकेला टेकवून तशीच बसली.

"कडं आहे रे त्याला," ती शेवटी म्हणाली. "आणि बाजूला एक ठिपका."

तो ठिपका म्हणजे टायटन. १६५५ मध्ये तो हॉयगन्सनेच शोधला. कडे म्हणजे कडे आहे, हेही पुढे त्यानेच ओळखले. मी हे सगळे सांगू लागलो, तर आई म्हणाली, "गप्प बस. बघू दे."

मग म्हणाली, "एवढासा जीव हा! याला काय घाबरायचं?"

पुढच्या शनिवारी तेल घालायला मात्र गेली. विचारले तर म्हणाली, "आता ओळख झाली ना, मग तोंड नको दाखवायला?"

२०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्या नजरेच्या रेषेत आली आणि एखाद्या रेघेइतकीही दिसेनात. सुमारे १५ वर्षांनी एकदा असे होते. आता ती हळूहळू उघडत आहेत. आईच्या दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन झाले आहे. आमच्या इमारतीतली बारा बिऱ्हाडे त्या ३२ च्या नेत्रिकेतून बघून गेली आहेत. माणशी खर्च काढला तर कटिंग चहाच्या खाली जातो.

आईच्या वाट्याचा खर्च मी त्यात धरलेला नाही. तो कोणत्या खात्यावर टाकायचा, ते वाणिज्य शाखेत शिकवलेले नव्हते.