दुसरी दिवाळी

घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी आपल्याकडे फराळाची कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही. शेजारीपाजारी आणि नातेवाईक डबे आणून देतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मला ही रीत फार शहाणी वाटते. दुःखात असलेल्यावर आनंदाची सक्ती नाही आणि त्याला एकटंही टाकलेलं नाही. डब्याच्या निमित्ताने कुणीतरी येतं, घटकाभर टेकतं, गेलेल्याची आठवण काढतं.

खरी अडचण पुढच्या वर्षी असते. वर्षश्राद्ध झालेलं, डबे थांबलेले. आता घर पूर्वीसारखं उजळावं, असं सगळ्यांना वाटू लागतं. दिवाळीनंतर माझ्याकडे येणारे अनेकजण हेच सांगतात: पहिल्या वर्षी काही कळतच नव्हतं, यंदा कळलं की तो खरंच येणार नाही.

दुःखाचे पाच टप्पे अनेकांनी ऐकलेले असतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख असं पायरीपायरीने उतरत नाही. मला पटते ती मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांची १९९९ ची मांडणी: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी रोजच्या कामाला लागतो, आणि ही ये-जा चालूच राहते. चकल्या पाडताना नातीच्या बोलण्यावर खळखळून हसलेली आजी नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याची वाटी हातात घेऊन रडते. तिचं हसणं खोटं नव्हतं आणि रडणं हा आजार नाही. हसल्याबद्दल तिला अपराधी वाटतं, ते मात्र कुणीतरी जवळ बसून दूर करायला हवं.

घराघरांत मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे मुकेपणा. आईला त्रास होईल म्हणून मुलं बाबांचं नाव घेत नाहीत. मुलांना त्रास होईल म्हणून आई घेत नाही. सगळे एकमेकांना जपतात आणि प्रत्येकजण एकटा पडतो. नाव घ्या. वसुबारसेच्या आधीच बोलून ठरवा: कंदिलाची वायर बाबा ओढायचे, यंदा कोण ओढणार? लक्ष्मीपूजनाला त्यांच्या जागी कोण बसणार? एखादी गोष्ट झेपत नसेल तर ती यंदा सोडा. भाऊ नसलेली बहीण भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. भाऊ गमावलेल्या बहिणीलाही त्याचा आधार वाटू शकतो. त्या दिवशी तिच्या हातातलं ताट काढून घेऊ नका.

मात्र सगळंच दुःख आपोआप निवळत नाही. शोक लाटांसारखा येतो, मधे थोडी उसंत देतो. नैराश्यात ती उसंत नसते. माणूस स्वतःलाच नालायक समजू लागतो, झोप-भूक जाते. सहा महिने उलटून गेल्यावरही गेलेल्याची ओढ तितकीच तीव्र असेल, रोजचे व्यवहार ठप्प असतील आणि समाजाच्या रीतीच्या मानानेही हे फार लांबलं असेल, तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकार असं वेगळं स्थान आहे. त्यावर उपचार आहेत. ‘मलाही त्याच्याकडे जायचंय’ असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. त्या माणसाजवळ थांबा आणि डॉक्टरांना गाठा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. फोन लावून द्यायचं काम घरच्यांनी करावं. खचलेल्या माणसाला तेवढंही जड जातं.