चीनभूमीवरील एक मराठी समाधी

चीन हे नाव आमच्या घरात दोन वाटांनी आले. पहिली वाट संस्कृताची. कालिदासाच्या शाकुंतलात ‘चीनांशुक’, म्हणजे चिनी रेशमी वस्त्र, हा शब्द येतो. तो शिकविताना, इतक्या प्राचीन काळी तिकडचे कापड इकडे येत असे, याचे विद्यार्थ्यांस मोठे नवल वाटे. दुसरी वाट दुःखाची. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा आमच्या मातोश्रींनी हातांतील पाटल्या उतरवून राष्ट्रीय संरक्षण निधीस दिल्या. आम्ही त्या वेळी लहान होतो. पण वडील बंधू चांगले जाणते होते. म्हणून २०१८ च्या वसंतऋतूत, बीजिंग येथे नोकरीस असलेल्या चिरंजीवांनी आम्हां उभयतांस बोलाविले, तेव्हा दादा एवढेच म्हणाले, “जाऊन ये, पण आईच्या पाटल्या विसरू नकोस.”

आमच्या कुटुंबाची चिंता निराळी होती. शाकाहारी माणसाने त्या देशी खावे काय? त्यांनी मेतकूट, भाजणी आणि लिंबाचे लोणचे यांनी एक पेटी भरलीच. प्रत्यक्षात अडचण थोडी पडली. बौद्ध भिक्षूंच्या परंपरेमुळे तेथे शाकाहारी भोजनगृहे आहेत, आणि सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या, पनीरासारख्या टोफूचे प्रकार तर किती सांगावे! जेवणाबरोबर थंड पाण्याऐवजी गरम पाणी किंवा बिनदुधाचा चहा येई. वडीलधाऱ्यांस पेला देताना दोन्ही हात पुढे करण्याची रीत पाहून कुटुंबाने सूनबाईंकडे सहेतुक पाहिले, हेही येथे नमूद करावयास हरकत नाही!

आमचे मन खरे रमले ते तेथील उद्यानांत. सकाळी वृद्ध मंडळी हातभर लांबीचा कुंचला पाण्यात बुडवून फरसबंदीवर सुंदर अक्षरे काढीत बसतात. ऊन चढले की अक्षरे वाळून जातात, आणि ते गृहस्थ शांतपणे पुन्हा पहिल्यापासून लिहू लागतात. आम्हांस आपल्याकडील धूळपाटीचे स्मरण झाले. एका आजोबांनी कुंचला आमच्या हाती दिला. आम्ही ‘श्री’ काढला. त्यांनी तो निरखून पाहिला व स्वतः गिरविला. आमचा दहा वर्षांचा नातू दुभाषी होता. पण त्या वेळी त्याचे काहीच काम पडले नाही.

एप्रिलच्या पाचव्या दिवशी चिनी लोकांचा ‘छिंगमिंग’ हा सण होता. त्या दिवशी ते पूर्वजांच्या समाधी झाडून स्वच्छ करतात व फुले वाहतात. आपल्या पितृपक्षाचाच हा भाऊबंद म्हणावा. तो दिवस साधून आम्ही आगगाडीने शिजियाच्वांग शहरी गेलो. सुमारे २८० किलोमीटरांचे अंतर दीड तासाच्या आत संपले. तेथील हुतात्म्यांच्या स्मशानोद्यानात आमच्या शेजारच्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चिरविश्रांती घेत आहेत.

१९३८ साली, जपानी आक्रमणाने चीन होरपळत असता, राष्ट्रसभेने तिकडे पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत कोटणीस होते. ते आघाडीजवळच्या खेड्यांत जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले. तेथील क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने त्यांचा अंत झाला. मुलाचे नाव त्यांनी ‘यिनह्वा’ ठेविले होते. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन, असे नातवाने आम्हांस समजावून सांगितले. समाधीजवळ त्यांचा श्वेत पुतळा आहे, आणि पायाशी कोणी अनोळखी माणसांनी ठेवलेली ताजी फुले होती. कुटुंबाने वाकून नमस्कार केला व पदर डोळ्यांस लावला. सोलापूरच्या मातेचा मुलगा इतक्या दूर, आणि त्याची आठवण परक्यांनी राखावी!

येथे आमच्या नगरचाही धागा आहे. ज्या पंडित नेहरूंकडे चीनच्या सेनापतींनी वैद्यकीय साहाय्य मागितले होते, ते कोटणीसांच्या मृत्यूच्या वेळी आमच्याच भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते. तेथेच १९४४ साली लिहिलेल्या त्यांच्या भारतशोधाच्या ग्रंथात भारत व चीन यांच्या प्राचीन स्नेहाचे प्रकरण आहे. त्या स्नेहातील थोर प्रवासी ह्युएनत्संग सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला होता. येथील लोक उपकारकर्त्याचे ऋण विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्यास सोडत नाहीत, असे त्याने लिहून ठेविले आहे.

परत आल्यावर आम्ही हे सारे दादांस सांगितले. १९६२ विषयीचे त्यांचे मत तसूभरही बदलले नाही. बदलावे असा आमचाही आग्रह नव्हता. आईच्या पाटल्या खऱ्या, आणि पुतळ्यापाशी ठेवलेली फुलेही खरी. ह्युएनत्संगाने आपल्या पूर्वजांचे हे दोन्ही गुण एकत्रच नोंदविले. त्यांतील एकच घेऊन दुसरा टाकावा, असे काही त्याने म्हटलेले नाही. दादा बराच वेळ समाधीचे छायाचित्र पाहत राहिले. मग म्हणाले, “सोलापुरास यांचे स्मारक आहे ना? मला एकदा घेऊन चल.”

आम्ही उभय बंधू त्या डिसेंबरात सोलापुरास जाऊन आलो. वाचकांपैकी ज्यांस चीन दूर वाटेल, त्यांस सोलापूर तरी खचित दूर नाही.